कलई खुल गई, मग पुढे काय?



आपल्या परभणीकडच्या माणसाला हिंदी वेगळी शिकावी लागत नाही. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही आपल्या गावाच्या नावाची म्हणसुद्धा हिंदीतच आहे. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात थोडा वेळ उभे राहावे. मराठीत बोलता बोलता माणसे मध्येच एखादे हिंदी वाक्य टाकून जातात. विशेषतः कोणाला टोमणा मारायचा असला, की हिंदी हमखास मदतीला येते. असाच एक वाक्प्रचार आज अभ्यासासाठी घेतला आहे : 'कलई खुल गई.' एखाद्याचा मुखवटा गळून पडला, त्याचे खरे रूप बाहेर आले, असे सांगायचे असते तेव्हा हे शब्द वापरतात.

हा विषय आम्हाला का सुचला, ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात सेवा करीत होतो. कोणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आणि हे प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले नव्हे, चारचौघांसमोर घडलेले आहे. तिथे सणाच्या वर्गणीचा हिशेब एक गृहस्थ बरीच वर्षे सांभाळीत होते. एका वर्षी बैठकीत वही उघडली, तर जमा आणि खर्च यांचा मेळ बसेना. अकरा हजार रुपये कमी भरले. ते गृहस्थ मान खाली घालून म्हणाले, "घरात दवाखान्याचा खर्च निघाला, तेव्हा वापरले. भरून देतो." खोली शांत झाली. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून कोणीतरी म्हणाले, "चलो, आज कलई खुल गई!" सगळे हसले. अध्यक्षाच्या खुर्चीत आम्ही होतो. आम्हीही हसलो.

त्या हसण्याचे पुढे काय झाले, ते लेखाच्या शेवटी सांगू. आधी हे शब्द नीट समजून घेऊ.

१. शब्द कुठून आला?

'कलई' हा शब्द अरबी-फारसीतून हिंदी-उर्दूत आला. त्याचा मूळ अर्थ कथील. मलायाच्या किनाऱ्यावर 'कलह' नावाचे एक बंदर जुन्या अरब प्रवाशांना ठाऊक होते. तिकडून कथील येत असे, आणि त्या बंदरावरूनच धातूला हे नाव पडले, असे मानले जाते. मराठीत त्याचे 'कल्हई' झाले. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कथलाचा थर देणे म्हणजे कल्हई करणे.

आपल्या भागात हिंदी-उर्दू शब्द इतके का रुळले, हे थोरामोठ्यांना सांगायला नको. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची भाषा उर्दू होती. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झाले, तेही उर्दू माध्यमातून. मराठवाडा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. पण बाजारातली, मोंढ्यातली, रेल्वे स्टेशनावरची हिंदी आपल्या जिभेवर राहिली.

याच अर्थाचा आपला मराठी वाक्प्रचार आहे : 'पितळ उघडे पडणे.' गंमत अशी, की दोन्ही भाषा एकाच भांड्यापाशी उभ्या आहेत. हिंदी बोलणारा निघून गेलेल्या कथलाकडे पाहतो, मराठी बोलणारा खालून दिसू लागलेल्या पितळेकडे. सांगायचे दोघांना एकच आहे : वर चकाकी होती, आत काही वेगळेच होते.

आणखी एक बारकावा लक्षात घ्यावा. हिंदीत 'कलई खुलना' आहे, तसे 'कलई खोलना' आहे. मराठीतही पितळ उघडे 'पडते' आणि उघडे 'पाडले जाते'. एकात थर आपोआप झिजतो. दुसऱ्यात कोणीतरी तो नखाने खरवडतो. आपण एखाद्याबद्दल 'कलई खुल गई' म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ती खुललेली नसते. आपणच खरवडत बसलेलो असतो.

२. कल्हई म्हणजे नेमके काय?

आजच्या मुलांनी कल्हईवाला पाहिलेलाच नसेल. स्टीलची भांडी घरोघर आली आणि तो दिसेनासा झाला. आमच्या लहानपणी तो सायकलला भाता बांधून यायचा. "कल्हईऽऽ, भांड्याला कल्हई" अशी हाळी ऐकली, की आई फळीवरची पातेली उतरवायची. लिंबाच्या झाडाखाली तो जमिनीत खड्डा करी, त्यात कोळसे पेटवी आणि भात्याने फुलवी. भांडे आधी घासून लख्ख करायचे. मग सांडशीत धरून निखाऱ्यावर तापवायचे. चांगले तापले की आत नवसागराची पूड टाकायची. भप्पकन पांढरा धूर उठायचा, डोळ्यांना झोंबायचा. लगेच कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते वितळलेले कथील सगळीकडे फिरवायचे. दोन-चार हात मारले, की काळपट भांडे आतून चांदीसारखे होई. मग पाण्यात बुडवले की चर्र असा आवाज.

या कामामागे शास्त्र आहे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. तांब्याला वितळायला १०८५ अंश लागतात. पितळही कथलापेक्षा फार उशिरा वितळते. म्हणून भांड्याला धक्का न लागता त्यावर कथील पसरते. पण धातूवर मळ किंवा गंज असेल तर कथील धरत नाही. तो मळ काढण्याचे काम नवसागर करतो. धूर झोंबतो म्हणून नवसागर वगळला, तर कल्हई टिकत नाही.

आणि कल्हई करायची कशासाठी? तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, चिंचेचे वरण, आंबट भाजी ठेवली की ती कळकते. आंबटपणामुळे धातूचे क्षार अन्नात उतरतात, अन्न हिरवट पडते आणि खाणाऱ्याला मळमळ, उलट्या होतात. कथलाचा थर मध्ये आला, की अन्न सुरक्षित राहते.

आता एक साधी गोष्ट पाहा. आपल्या घरातल्या पातेल्यांना कल्हई कुठून करीत? आतून. बाहेरची बाजू तांब्याची तांब्याचीच राहत असे. ज्याला दिखावा करायचा आहे, तो बाहेरून चकाकी देईल. कल्हईवाला मात्र कोणी सहसा न पाहणारी बाजू उजळीत असे, कारण अन्न त्या बाजूला लागते.

म्हणजे वाक्प्रचाराने कल्हईवर थोडा अन्यायच केला आहे. बोलण्यात कलई म्हणजे ढोंग. स्वयंपाकघरात मात्र कल्हई म्हणजे खाणाऱ्याची काळजी.

३. रंग वेगळा, कल्हई वेगळी

पंचतंत्रातली निळ्या कोल्ह्याची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. कोल्हा निळीच्या पिंपात पडला, निळा झाला आणि वनाचा राजा होऊन बसला. एके दिवशी दूरवर कोल्ह्यांची कोल्हेकुई ऐकू आली. त्याला राहवले नाही. त्यानेही तोंड वर केले, आणि त्याचे बिंग फुटले. हिंदीत अशा माणसाला 'रंगा सियार' म्हणतात. हा रंग होता. कातडीशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि लावला होता तो इतरांना फसवण्यासाठी.

कल्हईचे तसे नाही. तापलेले कथील तांब्यावर नुसते बसत नाही. जिथे दोन्ही धातू भेटतात, तिथे दोन्हींचा मिळून एक अगदी पातळ थर तयार होतो. म्हणून तर ती नखाने सहज निघत नाही.

प्रभू येशूने ढोंगावर फार कठोर शब्द वापरले आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २३ व्या अध्यायात तो शास्त्री-परुशांना दोन दाखले देतो. पहिला भांड्याचा : तुम्ही वाटी बाहेरून घासता, आत मात्र लोभ भरलेला आहे, आधी आतली बाजू स्वच्छ करा. दुसरा चुना लावलेल्या कबरींचा : बाहेरून पांढऱ्याशुभ्र, आत हाडे. हिंदीत भिंतीला चुन्याची सफेदी देण्यालाही 'कलई' म्हणतात. तेव्हा प्रभूने ज्या कलईवर बोट ठेवले, ती ही भिंतीची कलई आहे. ढोंगी या अर्थी तिथे जो ग्रीक शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ रंगमंचावरचा नट. नटाला प्रेक्षक लागतात. प्रेक्षक उठून गेले, की त्याची भूमिका संपते.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण आपण पुष्कळदा चांगले वागण्याच्या धडपडीलाही ढोंग म्हणतो. एखादा तापट माणूस चर्चमध्ये शांत राहतो आणि घरी एक दिवस भडकतो. लगेच आपण म्हणतो, "बघा, हा खरा चेहरा." पण जो संताप आवरायला तो वर्षभर झटला, ते झटणे खोटे, आणि एका संध्याकाळचा संताप तेवढा खरा, असे कशावरून?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा नीतिविचार आम्हाला अभ्यासाला होता. त्याचे सांगणे थोडक्यात असे, की चारित्र्य हे जमिनीत पुरून ठेवलेले गाठोडे नसते. ते सवयीने घडते. माणूस न्यायाने वागत वागत न्यायी होतो, धीराने वागत वागत धीट होतो. सुरुवातीला ते जड जाते, पुढे तोच स्वभाव बनतो. पुढे संत थॉमस अक्वायनस यांनी हा विचार श्रद्धेशी जोडला. देवाची कृपा मानवी स्वभाव मोडून टाकीत नाही, त्यालाच पूर्णत्वाला नेते, अशी त्यांची शिकवण आहे. भांडे तांब्याचेच राहते. पण त्यात वाढलेले अन्न कोणाला बाधत नाही.

'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' असे आपण सहज म्हणतो. हे जर पूर्ण खरे असते, तर चर्चची दारे उघडी ठेवण्यात अर्थच उरला नसता.

४. खाली नेहमी पितळच निघते का?

वाक्प्रचाराने गृहीत धरले आहे, की वरचा थर गेला म्हणजे खाली हलकेच काहीतरी निघणार. दोन उदाहरणे पाहू.

पहिले आपल्याच जिल्ह्यातले. गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. लहानपणीच त्या पंढरपूरला संत नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिल्या. त्यांच्याविषयी वारकऱ्यांमध्ये एक कथा सांगतात. विठ्ठलाच्या गळ्यातले पदक देवळातून नाहीसे झाले आणि जनीच्या झोपडीत सापडले. झाले! दासी ती दासी, भक्तीचे सोंग होते, आज पितळ उघडे पडले, असे लोकांना वाटले. चंद्रभागेच्या वाळवंटात तिला सुळावर द्यायला नेले. कथा सांगते, की सुळाचे पाणी झाले आणि जनी निर्दोष ठरली. ही कथा आपल्या श्रद्धेची नाही. पण तिच्यातला धडा आपल्यालाही लागू आहे. वस्तू सापडली होती, साक्षीदार होते, गर्दीची खात्री होती. आणि गर्दी चुकली होती. दासीबद्दल वाईट ऐकायला ती आधीच तयार होती, म्हणून पुरावा तिला लगेच पटला.

दुसरे उदाहरण पवित्र शास्त्रातले, आणि तेही एका भांड्याचेच. उत्पत्तीच्या ४४ व्या अध्यायात योसेफ आपल्या भावांची परीक्षा घेतो. तो आपला चांदीचा पेला धाकट्या बन्यामीनच्या गोणीत लपवायला लावतो. गोण्या उघडल्या जातात, पेला सापडतो. आता भाऊ काय करतील? याच भावांनी सुमारे बावीस वर्षांपूर्वी योसेफला वीस रुप्यांना विकले होते, आणि विकण्याची कल्पना यहूदाची होती. या वेळीही धाकट्याला मागे टाकून निघून जाणे सोपे होते. पण तोच यहूदा पुढे येतो. याला सोडा, याच्या जागी मला गुलाम करा, नाहीतर आमचा म्हातारा बाप हे दुःख सोसणार नाही, अशी विनवणी तो करतो. ते ऐकून योसेफला रडू आवरत नाही, आणि तो भावांना आपली ओळख देतो.

इथेही कलई खुलली. पण खालून निघाला तो विकणारा यहूदा नव्हता. बावीस वर्षांत त्याच्या आत काहीतरी बदलले होते, आणि ते कोणालाच, कदाचित त्याला स्वतःलाही, ठाऊक नव्हते. संकटात माणसाचा खोटेपणा जसा बाहेर येतो, तसे त्याचे मोठेपणही बाहेर येते. आपल्या बोलण्यात मात्र पहिल्यासाठीच वाक्प्रचार आहेत.

५. कोळशाच्या दोन शेगड्या

पेत्राची कलई मात्र खरोखरच खुलली. जेवणाच्या वेळी त्याने मोठ्या तोंडाने शपथ घेतली होती : सगळे तुला सोडतील, मी सोडणार नाही. त्याच रात्री महायाजकाच्या अंगणात एका दासीने विचारले आणि तो घाबरला. तीन वेळा नाकारले. मत्तय सांगतो, की त्याच्या बोलण्याच्या गालिली धाटणीवरून लोकांनी त्याला ओळखले. निळा कोल्हा आवाजाने ओळखला गेला, पेत्रही आवाजानेच. मग कोंबडा आरवला.

योहानाने या प्रसंगात एक बारीक तपशील दिला आहे. त्या अंगणात थंडीसाठी कोळशाचा विस्तव केला होता आणि पेत्र तिथे शेकत उभा होता (अध्याय १८). कोळशाच्या विस्तवासाठी योहानाने वापरलेला ग्रीक शब्द नव्या करारात फक्त दोनच ठिकाणी येतो. दुसरे ठिकाण २१ व्या अध्यायात आहे. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी प्रभूने कोळशाचा विस्तव पेटवला आहे, त्यावर मासे भाजायला ठेवले आहेत. न्याहारी झाल्यावर तो पेत्राला विचारतो, तुझी माझ्यावर प्रीती आहे का? तीन वेळा विचारतो. तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटते.

कल्हईवाल्याची शेगडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच कळेल. एका कोळशाच्या विस्तवापाशी कलई गेली. दुसऱ्या कोळशाच्या विस्तवापाशी ती पुन्हा केली गेली. प्रभूने 'जाऊ दे, झाले ते झाले' असे म्हटले नाही. भांडे पुन्हा तापवले, झोंबणारा प्रश्न विचारला, आणि मग त्याच पेत्राच्या हाती आपली मेंढरे दिली.

प्रायश्चित्त संस्कारात आपले हेच होते. आपल्या तोंडाने आपली चूक सांगणे हा आपला नवसागर. तो झोंबतो. पण त्याच्याशिवाय पुढचे काही धरत नाही.

६. मग आपण कसे वागावे?

या अभ्यासातून चार गोष्टी आमच्या लक्षात येतात.

पहिली : खात्री होण्याआधी बोलू नये. गंगाखेडच्या जनीची आठवण ठेवावी. आता तर एक निरोप क्षणात शंभर मोबाइलवर जातो. तो मागे घेता येत नाही.

दुसरी : चूक खरी असेल तर तिला चूकच म्हणावे. जक्कयाला प्रभूने प्रेमाने हाक मारली, पण जक्कयाने लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याचा शब्द दिला (लूक, अध्याय १९). हिशेब पुरा झाला पाहिजे. आणि कल्हई गेलेल्या भांड्यात शहाणी गृहिणी ताक ठेवीत नाही. ज्याच्या हातून विश्वासघात झाला, त्याला क्षमा करावी; पण तीच जबाबदारी लगेच त्याच्याकडे द्यावी असे नाही. विशेषतः लहान मुलांना किंवा कोणा दुबळ्याला इजा झाली असेल, तर 'चर्चची अब्रू', 'घराण्याची अब्रू' म्हणून झाकपाक करणे हे पाप आहे. तिथे कायद्याची वाट धरावी. ही चुन्याची कलई आम्हा धर्मगुरूंच्या संस्थांनीही जगात अनेक ठिकाणी लावली, आणि त्याची किंमत निरपराधांनी मोजली. हे लिहिताना आम्हाला लाज वाटते, पण लिहिले पाहिजे.

तिसरी : बाहेर चकाकी देण्याआधी आत पाहावे. आपला राग, आपला लोभ कोणाच्या अन्नात उतरतो? बहुतेक वेळा घरच्यांच्याच. समाजात आपण गोड बोलतो आणि बायको-मुलांना कळकलेले अन्न वाढतो.

चौथी : कल्हई एकदा करून भागत नाही. रोजच्या वापराने, घासण्याने ती झिजते. जुन्या घरांत दर काही महिन्यांनी भांडी बाहेर निघत. कल्हई गेली म्हणून कोणी पातेले उकिरड्यावर टाकले, असे आम्ही कधी ऐकले नाही. तांबे-पितळ मोलाचे असते, हे सगळ्यांना कळत होते. माणसाच्या बाबतीत मात्र आपण ते विसरतो.

७. त्या बैठकीनंतर

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे येतो. त्या गृहस्थांनी पैसे फेडले. दर महिन्याला त्यांचा मुलगा पाकीट आणून देई. कधी पाचशे, कधी हजार. शेवटचे पाकीट आले तेव्हा वही पूर्ण जुळली. पण ते स्वतः चर्चमध्ये आले नाहीत. त्यांच्या पत्नी येत, शेवटच्या बाकावर बसत आणि अंतिम आशीर्वाद होताच निघून जात.

पुढे पास्काच्या सणानंतर आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी खुर्ची पुसून दिली, चहा केला, पावसापाण्याच्या गोष्टी केल्या. निघताना आम्ही म्हणालो, "रविवारी या." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फादर, पैसे फिटले. ते वाक्य काही फिटत नाही. आणि तुम्हीही हसला होता."

आम्ही क्षमा मागितली. त्यांनी हात जोडले, पण ते आले नाहीत. नंतर आमची बदली झाली. त्यांनी पैसे वापरले, हा दोष त्यांचा होता. तो त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केला आणि दमड्या दमड्या करून फेडला. एवढे करायला आत काय असावे लागते? त्या दिवशी त्यांचे खरे रूप बाहेर आले, असे आम्हाला वाटले होते. आज वाटते, की त्या खोलीत आमचे खरे रूप बाहेर आले. पितळ कोणाचे उघडे पडले होते, हे आम्हाला उशिरा कळले.

आपल्या धर्मग्रामातही असे कोणी असेल, जे एका वाक्यामुळे यायचे थांबले. नावे घेण्याची गरज नाही. आपल्याला ती ठाऊक असतात. या आठवड्यात त्यांच्या घरी जावे. उपदेश करू नये. चहा घ्यावा, त्यांचे ऐकावे, आणि आपण हसलो असू तर तसे सांगावे.

चिंतनासाठी प्रश्न (घरी एकत्र बसून किंवा वाडीतल्या प्रार्थनेच्या वेळी)

१. मी शेवटचे कोणाबद्दल 'त्याचे पितळ उघडे पडले' असे म्हणालो? तेव्हा मला दुःख झाले होते, की आनंद?

२. माझी बाहेरून दिसणारी चकाकी आणि घरात मिळणारी वागणूक यांत किती अंतर आहे? हा प्रश्न घरच्यांनाच विचारावा.

३. संकटात एखाद्याचे अनपेक्षित मोठेपण मी पाहिले आहे का? ते मी कोणाला सांगितले का?

४. पेत्राला तीन वेळा विचारलेला प्रश्न प्रभूने मला विचारला, तर माझे उत्तर काय असेल?

आपल्या सर्वांना आतून उजळण्याची कृपा प्रभू देवो.

प्रभूच्या सेवेत आपले,
धर्मगुरू